सरकार ओहोळापलीकडे

देशाला स्वातंत्र्य मिळालं, त्याच्या पाच वर्षं आधीच ते बेहेडपाड्याला मिळालं होतं. मोखाड्याच्या बाजारात कोणालाही विचारा, तो हसेल, पण नाही म्हणणार नाही. श्रावणात मिळालं आणि दसऱ्याला गेलं, एवढीच काय ती खोट. आणि ते गेलं लक्ष्या आजामुळे, असं सारा पाडा मानतो. लक्ष्या आजाची बायको ठकी तर हे रोज बोलून दाखवते. चुलीत ओलं लाकूड धुपायला लागलं, की तिचं तोंड नवऱ्याकडे वळतं.

"तवा मागं बघितला नसतास, तर आज जंगल आपला असता, न् लाकूडही सुका असता."

लक्ष्या आजा विडी ओढतो आणि ओहोळाकडे बघत बसतो.

झालं होतं ते असं. बेहेडपाड्याच्या मागे उभा कडा आणि पुढे मोठा ओहोळ. उन्हाळ्यात या ओहोळात बेडकाला बुडायला पाणी नसतं. पावसाळ्यात म्हशीला पाय टेकत नाही. इंग्रजांच्या काळात अलीकडचा काठ सरकारचा आणि पलीकडचा जव्हारच्या संस्थानाचा. खेकडे सोडले तर बाकी सगळ्यांना ही हद्द पाळावी लागे. बेचाळीसच्या पावसाळ्यात पांढरी टोपी घातलेला एक माणूस भिजत भिजत कडा उतरून पाड्यात आला. बेहेड्याच्या झाडाखाली उभा राहून त्याने सांगितलं, की सगळा देश सरकारला 'चले जाव' म्हणतो आहे, तुम्हीही म्हणा. सरकारचं कसलंही काम करू नका, सरकारचा शब्द मानू नका. मात्र कोणावर हात उचलायचा नाही. मग तो नाचणीची आंबील प्यायला आणि पुढच्या पाड्याकडे निघून गेला. सरकार म्हणजे नेमकं कोण, हे विचारायचं राहून गेलं.

पाड्याने इंग्रज कधी पाहिला नव्हता. त्यांना माहीत असलेलं सरकार एकच होतं, ते म्हणजे पाड्याच्या टोकाला चौकीत राहणारा जंगलसाहेब. तो त्यांच्यासारखाच काळा होता, फक्त जरा जाड होता. लढाई चालू होती आणि लढाईला लाकूड लागतं म्हणून साग पडत होता. तो तोडायला पाड्यातली माणसं फुकट राबत होती. नांगराला म्हणून कोणी एक फांदी तोडली, तर मात्र त्याच्या पाठीवर वळ उठत. आणि बाजाराच्या दिवशी या साहेबाला खांद्यावर बसवून ओहोळापार न्यायचं, संध्याकाळी गूळ-मासळीसकट परत आणायचं, ही वेठ पाड्याच्या जवानांकडे होती.

म्हातारे बसले. साहेबाला वाहून नेणं हे सरकारचं काम, ते करायचं नाही. पण नेलं नाही तर तो जाणार कसा? आणि गेला नाही, तर चले जाव कसं व्हायचं? पेच मोठा होता. तो सोडवला लक्ष्याच्या बापाने, बुध्याने. बुध्या पाड्याचा भगत. त्याने आठवण करून दिली, की पाड्यात देवी-पटकी शिरली की आपण काय करतो? रोगाला शिव्या देत नाही, मारत नाही. टोपलीत बसवतो, हळदकुंकू लावतो, मानाने ओहोळापार नेऊन ठेवतो आणि मागे वळून न बघता परत येतो. मागे बघितलं, तर पीडा पाठोपाठ घरी येते. मग सरकारलाही तसंच नेऊ. ही वेठ नाही, हा विधी आहे.

सगळ्यांना पटलं. बाजाराच्या दिवशी साहेब रोजच्यासारखा खांद्यावर चढला. त्या दिवशी चौघांनी त्याच्या बुटांना हळद लावली. त्याला वाटलं, पाड्यात काही सण असेल. छत्री उघडून तो ऐटीत पलीकडे उतरला आणि बाजाराला निघून गेला. संध्याकाळी परत येऊन त्याने हाका मारायला सुरुवात केली. पाडा ओहोळाकडे पाठ करून बसला होता. साहेबाने शिव्या दिल्या, मग धमक्या दिल्या, मग सरकारची शपथ घातली, शेवटी आपल्या आईची. शपथ आईची आली, तेव्हा सतरा वर्षांच्या लक्ष्याला राहवलं नाही. त्याने मान वळवून बघितलं. गुळाची ढेप छातीशी धरून साहेब पावसात उभा होता.

बघितलं ते तेवढंच.

पुढे दसऱ्यापर्यंत पाड्यावर कोणाचं राज्य नव्हतं. मागे कड्यावर आता शेवाळ धरलं होतं, पुढे पूर. पलीकडे संस्थान, तिथे साहेबाच्या टोपीला कोणी विचारत नव्हतं. लोकांनी घरं शाकारली, नांगर केले, ढोरं हव्या त्या रानात सोडली. मग पाणी ओसरलं आणि साहेब पोलीस घेऊन पायीपायी ओहोळ ओलांडून आला. पण पकडायचं कोणाला, हा प्रश्न होता. खांद्यावर बसणाऱ्याला माणसांचे शेंडे दिसतात, तोंडं दिसत नाहीत. इतकी वर्षं वाहून नेणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड त्याला सांगता येईना. एकच तोंड त्याने समोरून पाहिलं होतं, ते मागे वळलेलं. त्याने लक्ष्यावर बोट ठेवलं.

खटला उभा राहिला तेव्हा गोऱ्या मॅजिस्ट्रेटने विचारलं, की याने केलं काय? पोलिसांनी सांगितलं, की साहेब, याने काहीच केलं नाही, तोच गुन्हा आहे. लक्ष्याला ठाण्याच्या तुरुंगात धाडलं. पावसाळ्यातही माणसाला दोन वेळा जेवता येतं, हे त्याला तिथे कळलं. सुटून आला तेव्हा त्याला जरा पोट आलं होतं. पाड्याने त्याचं स्वागत एकाच वाक्याने केलं: आला बघ, मागं बघणारा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सत्त्याण्णव सालचा पावसाळा. देश स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव करत होता आणि लक्ष्या आजा गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून ओटीवर बसला होता.

त्या गुडघ्याची गोष्ट साधी नव्हती. शाळा ओहोळापलीकडे. पाड्यात चौथीपर्यंतची पोरं झाडाखाली बसून शिकत, पुढच्या वर्गासाठी पलीकडे जावं लागे. पावसाळा लागला की एकेक पोर गळायचं आणि पुढे पाणी ओसरलं, तरी ते परत शाळेत जायचं नाही. आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघून जायचं. लक्ष्या आजाची नात योगिता तेवढी टिकली होती, कारण सलग दोन पावसाळे आजा तिला खांद्यावर घेऊन ओहोळ ओलांडत होता. पाण्याकडे बघायचं नाही, पुढच्या काठावरच्या उंबरावर नजर ठेवायची, पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. खांद्यावरची योगिता मोठ्याने पाढे म्हणायची. सतराच्या पाढ्याला ओहोळ संपायचा.

या वर्षी ती सातवीत गेली, उंच झाली आणि आषाढात एका दगडावर आजाचा गुडघा फिरला. दोघं वाहून जायचे ते उंबराच्या मुळीला अडकून वाचले. योगिताचं दप्तर मात्र गेलं. तेव्हापासून ती घरात होती. भाकऱ्या थापायची, ढोरं बघायची आणि कोणी नसताना कुडाच्या भिंतीवर कोळशाने गणितं करायची. तिची आई काशी वाईट बाई नव्हती, पण सरळ होती. तिने सांगून टाकलं, की पोरगी घरातच बसायची असेल, तर दिवाळीनंतर भट्टीवर चलू दे, चार विटा जास्त पडतील. भट्टीवर गेलेल्या पोरीचं पुढे काय होतं, हे आजाला माहीत होतं. दोन वर्षांत ती कडेवर पोर घेऊन परत येते.

पूल मागून झाला नव्हता असं नाही. पाड्याने पूल इतक्या वेळा मागितला होता, की मागणीला आता दाढी आली होती. पण साहेब लोक यायचे ते उन्हाळ्यात, जीप ओहोळाच्या पात्रातच उभी करायचे आणि विचारायचे, की पाणी कुठे आहे? कोरड्या धोंड्यांवर पूल बांधायला सरकारला वेड लागलंय का? पावसाळ्यात या म्हटलं, तर म्हणायचे, पावसाळ्यात कसं येणार, पूल कुठे आहे?

ऑगस्ट लागला आणि पलीकडच्या शाळेचे सुदर्शन मास्तर एका सकाळी विनोदचा हात धरून, कमरेपर्यंत भिजून पाड्यात आले. विनोद म्हणजे लक्ष्या आजाचा पुतण्या. भिवंडीच्या गोदामात हमाली करायचा, आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, घरी यायचा आणि येताना हिंदी घेऊन यायचा. मास्तर तरुण, संगमनेरकडचे. चांगला माणूस, पण सरकारी आदेशाला फार घाबरायचे. या वेळी आदेश असा होता, की क्रांतिदिनाला त्या भागातला एक तरी स्वातंत्र्यसैनिक शोधून त्याचा सत्कार करावा. मास्तरांनी सगळीकडे विचारलं. सापडला तो एकटा लक्ष्या आजा. प्रमुख पाहुणेही ठरले होते. बाकीच्या मोठ्या लोकांनी पावसाचं कारण सांगितलं, म्हणून हे काम रस्ते-पूल बघणाऱ्या देवस्थळी साहेबांच्या गळ्यात पडलं होतं. सत्कार शाळेच्या व्हरांड्यात होणार होता. आजाने फक्त यायचं होतं.

पूल बघणारा साहेब, हे शब्द ऐकल्यावर आजाने विडी विझवली.

"मास्तर, मी नाय येत."

मास्तरांचा चेहरा उतरला. आजाने गुडघा दाखवला. मास्तर म्हणाले, की चार पोरं तुम्हाला उचलून नेतील. त्यावर आजा म्हणाला, की मी माणसं उचलून नेली आहेत, मला उचललेलं चालायचं नाही. आणि सत्कार जर मी जे केलं त्याचा असेल, तर केलं ते इथे, या काठावर. साहेबाने इकडे यावं. त्याला आणायची जबाबदारी पाड्याची.

आतून ठकीने हसून घेतलं. केलं म्हणे. काय केलंन ते मला विचारा, असं ती चुलीला सांगत होती.

मास्तरांना दुसरा माणूस मिळण्यासारखा नव्हता. जाताना त्यांनी सांगितलं, की साहेबांना एक स्मृतिशिळाही रंगवून हवी आहे, फोटोसाठी. तांबड्या ऑइलपेंटचा डबा त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवून दिला.

मास्तर गेल्यावर ठकीने लक्ष्या आजाचा डाव ओळखला. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचा गुडघा कळतो तशी खोडही कळते. भाकरी पुढे ठेवत तिने विचारलं, की त्याला आणल्यावर परत नेणार आहेस ना? आजा म्हणाला, बघू. ठकीने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिने एक गोष्ट सांगितली, ती आजाच्याही मनात येऊन गेली होती.

"पूल झाला तर पोरगी जाईल खरी. पन तेच्यावरून येनार कोन, ते बघितलास का? आता चार महिने तरी कोन येत नाय आपल्याला ताप द्यायला."

आजाने भाकरी मोडली आणि कुडाच्या भिंतीकडे बघितलं. तिथे कोळशाचं अर्धं गणित होतं. उत्तराची जागा मोकळी होती.

"येऊ दे," तो म्हणाला.

क्रांतिदिन उजाडला तो धो धो पावसात. देवस्थळी साहेबांची जीप पलीकडच्या काठावर उभी राहिली. साहेब उतरले, पाणी बघितलं आणि पुन्हा जीपमध्ये बसले. मास्तरांनी हात जोडले. फोटोग्राफरने सांगितलं, की पाण्यातून जाणाऱ्या साहेबांचा फोटो फार उठावदार येईल. साहेब पुन्हा उतरले.

विनोद आणि तीन जवान तयार होते. कसं न्यायचं ते आजाने आदल्या दिवशी अंगणात धान्याचा कणगा उचलायला लावून शिकवलं होतं. साहेब विनोदच्या खांद्यावर बसले, दोघांनी त्यांचे पाय धरले, एक जण वरच्या अंगाला पाणी फोडत चालला. साहेबांनी विनोदचे कान घट्ट पकडले होते. मध्यावर आल्यावर ते एकसारखे विचारू लागले, की अजून किती आहे. विनोद म्हणाला, "साब, पहाडे बोलो. हमारी बच्ची बोलती है." साहेबांनी पाढ्यांऐवजी रामरक्षा सुरू केली. पूर्ण व्हायच्या आत काठ आला. मास्तर आणि फोटोग्राफर पुढच्या फेरीत आले.

बेहेड्याखाली ताडपत्री बांधली होती. पाड्यातले सगळे जमले होते, कारण लक्ष्या आजाचा सत्कार ही बघण्यासारखीच गोष्ट होती. शाल आली, नारळ आला. साहेबांनी भाषण केलं आणि भाषण खरंच चांगलं केलं. बेचाळीसच्या वणव्यात या दुर्गम डोंगरातल्या वीराने इंग्रजी सत्तेच्या छातीवर घाव घातला, असं ते म्हणाले. पाड्याने एकमेकांकडे बघितलं. घाव कुठला, बुटांना हळद लावली होती, असं एक म्हातारी पुटपुटली. साहेब रंगात आले होते. ते म्हणाले, "अन्यायी सत्तेला सहकार्य नाकारणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. लक्ष्यारामजींनी आपल्याला हेच शिकवलं. लहान मुलांनी हे विसरता कामा नये."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. योगिता पुढच्या रांगेत होती, ती टाळ्या न वाजवता साहेबांकडे टक लावून बघत होती. मग शिळेचा फोटो झाला, नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण झालं. साहेबांनी खेकड्याच्या नांग्या दोनदा मागून घेतल्या. तोंड पुसलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, की चला, निघू या.

कोणी उठलं नाही.

साहेबांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. विनोद झाडाला टेकून बसला होता, तो नम्रपणे म्हणाला, की खांदा दुखतोय. दुसऱ्याचाही दुखत होता. साहेबांनी पाड्यावर नजर फिरवली, तर सकाळी आपल्याला आणणारे चौघे नेमके कोण, हेच त्यांना सांगता येईना. विनोद तेवढा हिंदीवरून ओळखू आला. मास्तर घाईने उठले. ते आजाकडे धावले. आजा शाल पांघरून निवांत बसला होता.

साहेब चिडले. हा काय प्रकार आहे, मी पोलीस बोलावीन, असं म्हणाले. विनोदने अदबीने विचारलं, की पोलीस कोणत्या बाजूने येतील? साहेबांनी ओहोळाकडे बघितलं. पाणी सकाळपेक्षा वर आलं होतं आणि एक अख्खं झाड मुळासकट गोल फिरत चाललं होतं.

तेव्हा आजा उठला. काठी टेकत साहेबांजवळ आला आणि खाली धोंड्यावर बसला. बेचाळीसची गोष्ट त्याने आता नीट सांगितली. टोपीवाल्या माणसापासून ठाण्याच्या तुरुंगापर्यंत. साहेब आधी उभ्याने ऐकत होते, मग तेही बसले. मॅजिस्ट्रेटचा प्रश्न आला तिथे तर त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"म्हणजे तुम्ही मला अडकवून ठेवलंय," ते म्हणाले.

"नाय साहेब. आमी काहीच केला नाय. तवाही नव्हता केला." आजाने काठीने ओहोळ दाखवला. "ह्यो पानी बघून घ्या. उन्हाळ्यात तुमचा मानूस येतो न् इचारतो, पानी कुठं हाय. तेला आमी सांगितलेला पटत नाय. तुमी सांगा."

साहेब म्हणाले, की सांगेन, नक्की सांगेन. आजाने मान हलवली. सांगणारे पुष्कळ येऊन गेले होते. मग त्याने योगिताला हाक मारली. तिच्या हातात तांबड्या रंगाचा डबा आणि कुंचला होता.

"ही माझी नात. सातवीत हाय, न् आषाढापासून घरात हाय. माझा खांदा हाच पूल होता, तो मोडला. साहेब, दगडावर लावा रेघ. जिथवर पानी चढतंय तिथवर. तुमच्या हातानं."

साहेबांनी बूट काढले. मग त्यांनी पँट वर दुमडली. माणूस साहेब असला तरी मुळात पूल बांधायला शिकलेला होता. काठावरच्या मोठ्या कातळाजवळ जाऊन ते वाकले आणि त्यांचा आवाजच बदलला. पाणी अजून चढतंय, आत्ता रेघ मारून उपयोग नाही, असं त्यांनी मास्तरांना फटकारल्यासारखं सांगितलं. छत्रीने पात्राची रुंदी अजमावली. कातळ कुठून सुरू होतो ते विनोदला विचारलं. विनोदचा खांदा एकदम बरा झाला. समोरच्या काठाचा कातळ पाण्याखाली कुठे आहे ते दाखवायला तो काठालगतच छातीपर्यंत पाण्यात उतरला.

त्या दिवशी पाणी काही उतरलं नाही. साहेब लक्ष्या आजाच्या घरी राहिले. ओलं लाकूड धुपत होतं, साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ठकीने नवऱ्याकडे बघून तिचं नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि पाहुण्यासमोर नको म्हणून अर्ध्यात सोडून दिलं. साहेबांनी कुडावरचं गणित बघितलं आणि विचारलं, की याचं उत्तर का नाही लिहिलं? योगिता म्हणाली, की ही रीत पुढच्या धड्यात आहे आणि पुढचा धडा पलीकडे आहे. साहेबांनी कोळसा उचलला होता, तो परत खाली ठेवला.

सकाळी पाऊस उघडला. पाणी जिथवर चढून गेलं होतं, तिथे कातळावर गाळाची आणि पाचोळ्याची किनार राहिली होती. साहेबांनी त्या किनारीवर तांबडी रेघ ओढली. लांब, सरळ. खाली तारीख घातली आणि स्वतःची सही केली. मास्तर म्हणाले, की आजवर पाहिलेल्या सरकारी सह्यांमध्ये पाण्याने न धुपणारी ही पहिलीच.

मग चौघांनी साहेबांना उचललं आणि पलीकडे नेऊन जीपजवळ ठेवलं. जवान परत निघाले. अलीकडच्या काठावर सारा पाडा उभा होता आणि सवयीने प्रत्येकाची पाठ ओहोळाकडे वळायला लागली होती. पन्नास वर्षांची सवय ती. आजाने काठी आपटली.

"वळा रे सगळे. मागं बघा. डोळं भरून बघा. ह्यो परत यायला पाहिजे."

पाडा वळला. पाण्यातले चौघेही मध्यावर थांबून मागे वळले. म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, काशी, सगळे ओहोळापलीकडे साहेबाकडे बघत राहिले. साहेबांना काही कळेना. त्यांनी गोंधळून एक हात वर केला, मग दुसराही केला. ठकी सगळ्यांत पुढे उभी होती. नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, की या कामाला मात्र तुझ्याइतका शिकलेला माणूस नाही.

साहेब परत आले. मागे बघितल्यामुळे आले असं पाडा म्हणतो. मास्तर म्हणतात, साहेबांनी शब्द पाळला. पाणी ओसरेपर्यंत योगिता मास्तरांनी पाठवलेली पुस्तकं घरीच वाचत होती आणि काशीने, कातळावर सरकारची सही आहे एवढ्यावर, तिला भट्टीवर नेणं लांबणीवर टाकलं होतं. उन्हाळ्यात एक माणूस जीप पात्रात उभी करून खाली उतरला आणि त्याने पाणी कुठे आहे असं विचारलंच. विनोद भिवंडीला होता, म्हणून योगिताने त्याला हाताला धरून कातळाकडे नेलं. रेघ त्याच्या डोक्याच्या बरीच वर होती आणि सही त्याच्याच साहेबाची होती. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. पावसाच्या तोंडावर अरुंद, लोखंडी, चालताना खडखडणारा, पण पूल झाला.

पहिल्या पुराच्या सकाळी योगिता नवं दप्तर घेऊन त्याच्यावरून गेली. खाली पाणी गर्जत होतं. ती पाढे म्हणत नव्हती. शाळेची घंटा होत आली होती म्हणून तिने मागेही बघितलं नाही. लक्ष्या आजा ओटीवरून बघत होता. त्याच्या मनाला आधी जरा लागलं. मग लक्षात आलं, की पूल असला की माणूस मागे न बघताही संध्याकाळी परत येतो.

ती पलीकडे पोचून उंबराआड होते न होते, तोच पुलावर दुसरा माणूस दिसला. खाकी कपडे, खांद्यावर छत्री, सायकल हाताने ढकलत. जंगलखात्याचा नवा गार्ड होता. भर पावसाळ्यात सरकार आपल्या पायांनी बेहेडपाड्यात आल्याची ही पहिलीच वेळ. अर्ध्या पुलावरून त्याला आजाच्या घरावर नव्याने घातलेले सागाचे वासे दिसले असावेत, कारण त्याने तिथूनच हाक मारली.

ठकी दारात आली. पुलाकडे बघितलं, वाशांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"आला तुझा पूल," ती म्हणाली.

लक्ष्या आजाने विडी पेटवली, घोंगडी सारखी केली आणि ओहोळाकडे पाठ करून बसला. या वेळी मात्र त्याने मागे बघितलं नाही.